आणखी हळू

४ जानेवारी

प्रिय टिमके,

या पत्रातलं अक्षर कोंबडीचे पाय उमटल्यासारखं दिसत असेल तर त्याला जबाबदार तू आहेस. माझा उजवा अंगठा कामातून गेला आहे. गुरूने अंगठा मागितल्याचं ऐकलं होतं. मावसबहिणीच्या सीडीपायी अंगठा घालवणारा मीच पहिला.

घडलं ते असं. तुमच्या वाद्यवृंदाची सीडी आली. आम्ही नुकताच नवा ॲम्प्लिफायर आणि गुडघ्याएवढे दोन स्पीकर घेतले आहेत. तुझ्या वहिनीने पडदे ओढले, मी पाय वर घेतले, बटण दाबलं. काहीच नाही. आवाज वाढवला. फ्रिज ऐकू आला. आणखी वाढवला, तेव्हा फार लांब कोणीतरी गवत कुरतडत असल्यासारखं वाटलं. अजून थोडा वाढवला आणि नेमक्या त्या क्षणी तुम्ही सगळे एकदम आमच्या अंगावर कोसळलात. कपाटातल्या काचा थरथरल्या. खालच्या मजल्यावर एक निवृत्त हेडमास्तर राहतात, ते झाडूच्या दांड्याने छत ठोकू लागले. मी आवाज कमी केला. तुम्ही कुजबुजायला लागलात. वाढवला, पुन्हा कोसळलात. तासभर हा लपंडाव. संगीत कोणतं होतं ते विचारू नकोस, मी रिमोट वाजवत होतो.

माणसांनी इतकं लहरी असू नये गं. एक तर हळू वाजवा, नाहीतर जोरात वाजवा. मी ज्या कंपनीत मिक्सरच्या आणि इस्त्र्यांच्या माहितीपुस्तिका लिहितो, तिथे असं यंत्र विकायला काढलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी ते आमच्या डोक्यात घालील.

आणि हे पत्रांचं खूळ काय काढलंयस? फोन उचलत नाहीस. उचललास तर "पत्र लिही ना, पत्रात मजा असते" म्हणून ठेवून देतेस. चाळिशी उलटली की कोणी कुंड्या लावतं, कोणी पहाटे पळायला लागतं. तुझं हे एवढ्यावर निभावलं म्हणायचं.

अंगठा शेकत असलेला,
दादा


११ जानेवारी

दादा,

अंगठ्याबद्दल सहवेदना. तोंडाला काही झालं नाही हे वाचून घरच्यांना हायसं वाटलं असेल.

आता ऐक. आमच्या सभागृहात अगदी खालचा आवाज म्हणजे दोन हजार माणसं श्वास धरून बसतात तेव्हा उरतो तो. कोणाची खुर्ची करकरली तर शेवटच्या रांगेपर्यंत बातमी जाते. आणि वरचा आवाज म्हणजे आम्ही सगळे मिळून वाजवतो तेव्हाचा. तो कानात शिरत नाही, बरगड्यांत शिरतो. या दोन्हींच्या मधे जी जागा आहे तिच्यात संगीत उभं राहतं, हातपाय पसरतं. तुझ्या घरात त्याला खाली फ्रिज, पंखा आणि रस्ता. वर छत म्हणून हेडमास्तर, ते राहतात खाली ही गोष्ट वेगळी. तेवढ्यात आमचं संगीत कोंबायचं म्हणजे ताडमाड माणसाला पोटमाळ्यावर बिऱ्हाड दिल्यासारखं आहे. तो वाकूनच चालणार. त्यात तू त्यालाच लहरी म्हणतोस.

बरं, एक काम आहे. सहज विचारतेय. सीडीवरची पहिली रचना नगाऱ्यानेच सुरू होते, म्हणजे माझ्यापासून. दोन्ही काठ्यांनी मी कातड्यावर सतत घुमवत राहते, इतकं हळू की ते केव्हा सुरू झालं हे ऐकणाऱ्याला कळता कामा नये. शांतता संपली कुठे आणि आवाज लागला कुठे, याचा पत्ताच लागायला नको. आमचे नवे छडीवाले, म्हणजे समोर उभे राहून आम्हाला चालवणारे, तालमीत दोनदा म्हणाले, "आणखी हळू." नंतर म्हणायचे थांबले.

ते सुरुवातीचं नीट ऐक आणि सांग, तुला सुरुवात कळते का? कळत असेल तर कशी कळते? विनोद नको. वहिनीला विचारू नकोस, ती मला बरं वाटावं म्हणून बोलेल. तू फटकळ आहेस, म्हणून तुला विचारतेय. महिना संपायच्या आत लिही.

टिमकी


२० जानेवारी

प्रिय टिमके,

आनंदाची बातमी! अंगठा बरा झाला आणि यंत्रही सुधारलं. नवी चप्पल आधी चावते आणि मग पायाला बसते, तसं ते आपल्या घराला बसलं असावं. आता तुमची सीडी कशी गुण्यागोविंदाने वाजते! कुजबुज नाही, कोसळणं नाही, सगळं एका पातळीत. काल दुपारी मी पूर्ण ऐकली आणि रिमोटला हातही लावला नाही. हेडमास्तर जिन्यात भेटले तर चक्क हसले.

आता तुझा नगारा. अगं, कळतो का म्हणजे काय? पहिल्या क्षणापासून! बटण दाबलं की दारात ट्रक येऊन उभा राहावा आणि ड्रायव्हरने इंजिन बंद न करता चहा प्यायला जावं, तसा खणखणीत घुर्र आवाज. मी तुझ्या वहिनीला म्हटलं, बघ, नगारखान्यात टिमकीचा आवाज कोण ऐकतो म्हणतात, पण आमची टिमकी नगारखान्याला ऐकू देत नाही. तुझ्यापुढे त्या व्हायोलिनवाल्यांची काय बिशाद! आपल्या घराण्यात आजवर कोणाचा आवाज दबून राहिलेला नाही. तू नाव राखलंस.

विनोद करू नकोस म्हणाली होतीस, म्हणून सगळं खरं तेच लिहिलं आहे.

अभिमानी,
दादा


२७ जानेवारी

दादा,

पत्र मिळालं. आभारी आहे. तुझ्याकडून हेच हवं होतं, म्हणजे हेच नको होतं.

आता सांगायला हरकत नाही. गेल्या वर्षी मंचावरच्या जागा बदलल्या आणि माझ्या डाव्या हाताला ट्रम्पेटवाले आले. ते चार जण वाजवतात तेव्हा त्यांच्या पुढ्यातला कागदसुद्धा हलतो. हिवाळ्याच्या आधीपासून माझ्या डाव्या कानात शिट्टी वाजते आहे. बारीक, न थांबणारी. तिच्याहून हळू जे असेल ते तिच्यात बुडून जातं. फोनवरची अर्धी अक्षरं बुडतात, म्हणून पत्रं. पत्रात मजा असते असं मला कधीच वाटलेलं नाही.

आणि तो सुरुवातीचा नगारा मला ऐकूच येत नाही. मी बोटांनी वाजवते. काठीतून जे परत येतं त्यावरून अंदाज बांधते. छडीवाले "आणखी हळू" म्हणायचे थांबले तेव्हा मला आधी वाटलं, जमलं. मग वाटलं, त्यांनी नाद सोडला. बाकीच्यांना विचारावं तर कोणी खरं सांगणार नाही. नगारेवाल्या बाईला ऐकू येत नाही ही बातमी वाद्यवृंदात चहा निवायच्या आत फिरते.

तुझा ट्रक वाचला आणि निकाल लागला. मी हळू समजून जे वाजवते ते जगाला इंजिन वाटतं. सतरा फेब्रुवारीच्या शनिवारी हीच रचना पुन्हा आहे. ती वाजवीन आणि सोमवारी राजीनामा देईन. एका शाळेत मुलांना ताल शिकवायची जागा आहे, तिथे बोलून ठेवलंय. मुलं जोरात वाजवतात.

तू वाईट वाटून घेऊ नकोस. खरं बोलायला मीच सांगितलं होतं.

टिमकी


२ फेब्रुवारी

टिमके,

थांब. काही देऊ नकोस, कोणाशी बोलू नकोस. आधी हे वाच.

तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला वाचून दाखवलं. अर्ध्यावर ती म्हणाली, "अहो, पण तेव्हा चंद्र चालू होता ना?"

"कुठला चंद्र?"

"रिमोटवरचा. हेडमास्तर तक्रार घेऊन वर आले, त्याच दिवशी मी दाबून ठेवला. म्हणून तर तुमचा अंगठा बरा झाला."

"मला वाटलं मलमाने."

"मलम कपाटात आहे. झाकणसुद्धा उघडलेलं नाही."

"तो चंद्र करतो काय?"

"आता तेही मीच सांगायचं? माहितीपुस्तिका कोण लिहितं या घरात?"

टिमके, तो चंद्र म्हणजे शेजाऱ्यांची झोप मोडू नये म्हणून केलेली सोय. मला वाटायचं, त्याने नुसता समोरचा दिवा मंद होतो. तो हळू आवाजाची बखोटी धरून त्याला वर उचलतो आणि मोठ्या आवाजाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला खाली बसवतो. सगळे एका उंचीचे, शाळेच्या फोटोतल्यासारखे. मी जो ट्रक ऐकला तो तुझा नव्हता. तुझ्या कुजबुजीला त्या यंत्राने कर्णा लावला होता. "वापरण्यापूर्वी सूचना काळजीपूर्वक वाचा" हे वाक्य लिहून मी पोट भरतो आणि स्वतःच्या घरात एक बटण वाचलं नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

मग चंद्र बंद केला. फ्रिजची पिन काढली, पंखा बंद केला. साक्षीदार पाहिजे म्हणून हेडमास्तरांना वर बोलावलं. आम्ही तिघं श्वास धरून बसलो.

"सुरू झालं का?" हेडमास्तर.

"झालं असावं."

"मग ऐकू का येत नाही?"

"तेच तर हवंय."

"कमाल आहे. मी जन्मभर वर्गात हेच मागत होतो."

त्यांचं वाक्य संपतंय तोवर तुम्ही कोसळलात. हेडमास्तर सोफ्यावर उडाले आणि नंतर, तुला खोटं वाटेल, म्हणाले, "पुन्हा लावा बरं."

तर तुझा नगारा आम्हाला ऐकू आला नाही. समजलं का? राजीनामा फाडून टाक.

दादा


७ फेब्रुवारी

दादा,

दुरुस्तीपत्रक मिळालं.

आधी ट्रक खरा होता. मी कानाचं सांगितल्यावर चंद्र निघाला. माझा कान दुखावल्याचं कळायच्या आत हा चंद्र का नाही उगवला? तुझं मन मोठं आहे हे मला ठाऊक आहे. या आजारात त्याचा उपयोग नाही. आता इथून पुढे सगळे माझ्याशी असंच बोलणार. डॉक्टर बोलतात, ओठ नीट हलवून, हसून. मला वाटलं होतं, तू तरी बोलणार नाहीस.

आणि धर, चंद्र खरा आहे. मग काय सिद्ध झालं? चंद्र लावला तर मी ट्रक, काढला तर मी फ्रिजच्याही खाली. दोन्ही वेळा तू त्या यंत्राची पेटी ऐकलीस. सभागृहातली शांतता कुठल्या पेटीत मावत नाही, आणि मी त्या शांततेवर वाजवते, तुझ्या सोफ्यासमोर नाही. घरात बसून कोणी मला माझ्याबद्दल काही सांगू नये. तू नाही, हेडमास्तर तर नाहीच.

राजीनामा लिहून झाला आहे. दोन ओळींचा आहे. तुझ्या पुस्तिकांपेक्षा सोपा.

टिमकी


१८ फेब्रुवारी, रविवार सकाळ

टिमके,

हे पत्र तुमच्या सभागृहाच्या दारवानाकडे ठेवून जातो आहे. म्हणजे उद्याच्या आत तुझ्या हातात पडेल. मी काल तिथे होतो. भेटलो नाही, कारण समोर आलो असतो तर तू माझं बोलणं ऐकलंच नसतंस, माझ्या तोंडावर दया कुठे दिसते ते शोधत बसली असतीस. कागदावर तोंड नसतं.

शेवटची रांग, कडेची खुर्ची. तिथून तू बाहुलीएवढी दिसत होतीस. दिवे मंद झाले आणि मला खोकला यायला लागला. घशात कोणीतरी झाडू मारत असल्यासारखा, आणि तो काही सुंठीवाचून जाणारा नव्हता. पुढच्या रांगेतली माणसं अशी वळून बघायला लागली की जणू मी बरोबर बैल आणलाय. शेजारी राखाडी स्वेटरवाले एक गृहस्थ होते. त्यांनी माझ्याकडे न बघता खोकल्याची एक गोळी माझ्या तळहातावर ठेवली. कागद आधीच सोडवलेली. सराईत माणूस.

मग तुमचे छडीवाले उभे राहिले आणि काही करेनात. तू वाकून एक बोट कातड्यावर टेकवलंस. बाकीचे वाद्याला कान लावतात, तू बोट लावतेस, हे काल पाहिलं. मग तुझ्या काठ्या हलायला लागल्या.

आणि आवाज नव्हता. मी शपथेवर सांगतो, मला भीती वाटली. वाटलं, हिला ऐकू येत नाही म्हणून ही नुसते हात हलवतेय, आणि आता हे सगळ्यांना कळणार. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. थोड्या वेळाने लक्षात आलं की सभागृहात काहीतरी आहे. भिंतींना आहे, जमिनीला आहे. पण ते केव्हा आलं? मी डोळे फाडून तुझ्याकडेच बघत होतो आणि तरी मला चुकवून ते आत आलं. तू विचारलं होतंस, सुरुवात कळते का. नाही कळली. कशी कळली नाही तेही सांगता येत नाही.

मध्यंतरात स्वेटरवाल्यांना विचारलं, "तो नगारा सुरू केव्हा झाला हो?"

ते म्हणाले, "या बाई इथे आल्यापासून मी तीच सुरुवात पकडायला बघतोय. अजून सापडली नाही."

त्याआधी, त्या सुरुवातीनंतर लगेच, तुम्ही कोसळलात. घरी कोसळता तसं नाही. घरी मी तुम्हाला कमी करू शकतो. इथे माझ्या हातात काही नव्हतं, अंगठा नुसताच हवेत दाबला गेला. शर्टाची बटणं हलली. छातीत कोणीतरी दुसरंच बोलत होतं. मला पळून जावंसं वाटलं आणि उठवलं असतं तर मी भांडलो असतो.

आता फटकळपणा. दुसऱ्या भागात, ट्रम्पेटवाले गरजून एकदम थांबतात तिथे, तू थांबली नाहीस. सगळे गप्प झाले आणि तुझा एक ठोका मागे उरला. जास्त नाही, एकच. पण शेवटच्या रांगेत आला. छडीवाल्यांनी तुझ्याकडे पाहिलं, स्वेटरवाल्यांनी जीभ टाळ्याला लावून च्यक केलं. तुझं हळू चोख आहे. तुझं थांबणं डावीकडून मार खातं आहे. राजीनामा द्यायचा तर त्यासाठी दे, माझ्या ट्रकसाठी देऊ नकोस.

गाडी पकडायची आहे.

दादा


२४ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मी दारवानाच्या स्टुलावर बसून वाचलं. ट्रकपेक्षा जास्त लागलं. सुरुवातीचं सगळं वाचताना मी म्हणत होते, गोड बोलतोय. मग तो ठोका आला. तो मला माहीत होता, दादा. वाजल्यावर हाताला कळलं, कानाला नाही. कार्यक्रमानंतर प्रत्येकजण "छान झालं" म्हणाला. ठोक्याबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. तू काढलंस, म्हणून मग पहिली दोन पानं पुन्हा वाचली.

सोमवारी छडीवाल्यांकडे गेले. राजीनामा पिशवीतच ठेवला आणि कानाचं सांगितलं. त्यांनी पेन्सिलीला टोक काढलं. मग म्हणाले, "ते शनिवारचं थांबणं त्यामुळे?" मी हो म्हटलं. "आणि सुरुवातीचं? ते कसं करता?" मी बोट दाखवलं. त्यांनी माझ्या बोटाकडे असं पाहिलं की मला ते लपवावंसं वाटलं.

मी विचारलं, "तुम्ही 'आणखी हळू' म्हणायचे का थांबलात?"

म्हणाले, "मला ऐकू यायचं थांबलं म्हणून."

जागा बदलली आहे. आता मी उजव्या टोकाला, मधे एक जाड पडदा. ट्रम्पेटवाले माझ्याशी फार सभ्यपणे वागायला लागलेत, ते असह्य आहे. थांबायच्या जागी शेजारची चेलोवाली पाय आपटून खूण करते. डॉक्टर म्हणतात, शिट्टी जाणार नाही. वाढणार नाही असंही ते म्हणत नाहीत. हा मोसम वाजवते. पुढच्या मोसमाचं मला विचारू नकोस. रोज सकाळी उठते, खिडकी लावते आणि शिट्टी कालच्याएवढीच आहे का ते बघत बसते. शाळेतल्या जागेला नाही म्हटलेलं नाही.

आणि गावात येऊन न भेटता गेलास! वहिनीने मला वेगळं पत्र लिहिलंय. त्यात तुझ्याबद्दल जे आहे ते मी तुला सांगणार नाही.

टिमकी


२ मार्च

प्रिय टिमके,

पुढच्या मोसमाचं विचारत नाही. शिट्टीचं मात्र दर आठवड्याला लिहायचं, वाढली तरी आणि नाही तरी. इकडे चंद्र बंद असतो. हेडमास्तर रविवारी वर येतात, फ्रिजची पिन स्वतः काढतात आणि मी बोललो की माझ्यावरच डोळे वटारतात. तुझ्या वहिनीचं दही त्यापायी दोनदा फुकट गेलं.

पत्रासोबत एक डबी आहे. शनिवारी दारवानाला दे आणि शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीच्या शेजारी बसणाऱ्या राखाडी स्वेटरवाल्यांकडे पोचवायला सांग. मी नाव विचारलं होतं, त्यांनी ओठांवर बोट ठेवलं. खोकल्याच्या गोळ्या आहेत. एकच घेतली होती, पण एक गोळी पोस्टाने पाठवणं बरं दिसत नाही. सगळ्यांचे कागद काढून ठेवले आहेत.

दादा